नळी हातातून सुटल्यावर

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

ठाण्यात राहणाऱ्या एक वाचक भगिनी टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या मुख्य केंद्रात सुपरवायझर आहेत. कळवा, डोंबिवली, पनवेल, उरणकडून गोळा झालेली सॅम्पल्स त्यांच्या विभागात येतात, नोंद होते, बारकोड लागतो आणि नळ्या पुढे मशीनवर जातात. हाताखाली ३४ जण, निम्म्याहून जास्त कंत्राटदाराच्या पटावर. तासाला किती नळ्या नोंदल्या याचा तक्ता रोज वर जातो. नव्या व्यवस्थापनानं 'तीन वर्षांत राज्यात पहिल्या तिनात' असं जाहीर केलं, भिंतीवर 'अचूकता आधी' असे फलक लावले, आणि एचआरनं प्रत्येकाकडून फॉर्म मागितला: 'माझं काम कंपनीच्या उद्दिष्टाला कसा हातभार लावतं, तीन ओळींत लिहा.' चार वर्षं बारकोड लावणाऱ्या एका कंत्राटी मुलानं लिहिलं: 'मी स्टिकर लावतो. कंपनी मोठी होते. माझा पगार तोच.' एचआरनं फॉर्म परत पाठवून मुलाचं 'समुपदेशन' करायला सांगितलंय.

बाई लिहितात, "मुलगा कामाला वाईट नाही. कुरकुऱ्या आहे. बारकोडचा प्रिंटर फिकट छापतो म्हणून तीन महिने माझं डोकं खातोय, पण कधी दांडी मारत नाही. त्याला समोर बसवून मी काय सांगू? आपण लोकांचे जीव वाचवतो असं म्हटलं तर तो हसेल. आणि खरं सांगायचं तर माझा स्वतःचा फॉर्म अजून कोराच आहे. मी कुठे कमी पडतेय का?"

*

तुमच्या पत्रातल्या त्या तीन ओळी मी घरात मोठ्यानं वाचून दाखवल्या. आमच्या घरचे रिटायर्ड गृहस्थ चहा पिता पिता म्हणाले, "या पोराला आधी कायम करा."

गंमत सोडा. कारखान्यांत आणि कचेऱ्यांत माणसांचं खातं सांभाळण्यात माझी उणीपुरी एकतीस वर्षं गेली. असले फॉर्म मी भरून घेतलेत, एकदा तर स्वतः छापूनही घेतलेत. 'माझ्या कामामुळे कंपनीच्या प्रगतीस चालना मिळते' हे वाक्य एकाच हस्ताक्षरात अकरा फॉर्मांवर वाचलंय, कारण शिफ्टमध्ये ज्याचं अक्षर बरं त्यानंच सगळ्यांचे भरले होते. ते अकराही फॉर्म वरच्यांनी आनंदानं फाइलला लावले. त्या मानानं तुमच्या मुलानं निदान स्वतः बसून लिहिलंय.

एचआर धरून चाललंय, आणि थोडं तुम्हीही, की त्याला काहीतरी कळलेलं नाही. समजावलं की कळेल. पण त्याच्या ओळी पुन्हा वाचा. तो स्टिकर लावतो हे खरं. कंपनी मोठी होतेय हेही खरं, नाहीतर फलक कशाला लागले असते? तिसरी ओळ तुम्हीच पत्रात खरी करून दाखवलीय. चूक एकही नाही. फक्त पहिल्या ओळीनंतर एकदम दुसरी येते, आणि त्या दोघींच्या मध्ये नळीचं काय होतं ते कोऱ्या जागेसारखं राहून जातं. चार वर्षांत कुणी त्याला ते दाखवलेलं नाही. तेवढं तुमच्या हातात आहे. तिसऱ्या ओळीकडे मी शेवटी येते. ती गाळायची मात्र नाही.

दुसरी एक समजूत या फॉर्मच्या पोटातच आहे: कंपनीचं उद्दिष्ट म्हणजेच कामाचा उद्देश. 'राज्यात पहिल्या तिनात' हे मालकांचं उद्दिष्ट. त्यात वाईट काही नाही, धंदा करणाऱ्यानं धंदा वाढवावाच. पण रोज सकाळी ट्रान्स-हार्बरच्या गर्दीतून घणसोलीला उतरून शेअर रिक्षासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला कंपनी तिसरी आली काय नि सातवी आली काय! त्याला फरक पडतो तो आपल्या हातून गेलेल्या गोष्टीचं पुढे बरं झालं की वाईट, याचा. लग्नाच्या पंगतीत आचारी आडोशाला उभा राहून बघत असतो, मठ्ठ्याची वाटी लोक पुन्हा मागतात का. त्याला कुणी 'ध्येयधोरण' समजावलेलं नसतं. त्याला फक्त पंगत दिसत असते. तुमच्या मुलाला पंगत दिसत नाही.

हे मला कुठे कळलं ते सांगते. १९९२ च्या सुमाराला मी ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात होते. (तेव्हा 'एचआर' म्हणत नसत. माणसांना 'संसाधन' म्हणायची रीत नंतरची, आणि ती माझ्या अजून गळी उतरलेली नाही.) गनमेटलची कास्टिंग्ज यायची, आमच्याकडे मशिनिंग व्हायचं. ड्रिलवर साताऱ्याकडचे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना दादा म्हणत. अकरा वर्षं ते एकाच पार्टला समोरासमोर दोन भोकं पाडत होते. पार्ट कुठे जातो विचारलं तर म्हणायचे, "डिस्पॅचला." त्या वर्षी आम्ही थाटात 'गुणवत्ता महिना' केला. घोषवाक्यांची स्पर्धा, बक्षिसाला स्टीलचा डबा, समारोपाला बटाटेवडा. रिजेक्शन होतं तेवढंच राहिलं.

मग एक दिवस आगीची यंत्रणा बसवणारा एक ठेकेदार तणतणत आला. हायड्रंटचं, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या नळाचं, तोंड त्यानं टेबलावर आपटलं आणि त्यात होजचं टोक घातलं. ते खटकन बसायला हवं. तोंडातले दोन स्प्रिंगवाले लग आपोआप पुढे येऊन टोकाला पकडतात. बसलं नाही. एक लग अर्ध्यातच अडकला. दादांना बोलावणं गेलं, बोलणी खायला. ते आले, पार्ट हातात घेतला, भोकातून करंगळी फिरवली आणि म्हणाले, "बर राहिलीय." भोक पाडताना कडेला धातूची जी बारीक धार उभी राहते, ती बर. ड्रॉइंगवर भोकाचा व्यास होता, खोली होती, बरबद्दल अक्षर नव्हतं. मग दादांनी ठेकेदाराला विचारलं, "म्हंजे आग लागल्यावर पाइप हितं लावत्यात व्हय?"

अकरा वर्षांनी!

दुसऱ्या दिवशी दादांच्या मशीनशेजारी एक गोल फाइल दिसायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. भोक पाडलं की फाइल दोनदा आतून फिरवायची आणि मगच पार्ट पेटीत टाकायचा. यात दर पार्टामागे काही सेकंद जायचे, आणि आमच्या प्रॉडक्शनवाल्यांनी त्याबद्दल त्यांना हटकलं. हा भागही लक्षात ठेवा, कारण तुमच्याकडेही तो येणार आहे.

कुणी म्हणेल, एका दादांवरून काय सिद्ध होतं. बरोबर आहे. पण २००७ साली अ‍ॅडम ग्रँट या संशोधकानं सहकाऱ्यांबरोबर असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणारी मुलं होती. दिवसभर नकार ऐकायचे, असलं काम. त्यातल्या काहींना देणगीतून शिष्यवृत्ती मिळालेला एक विद्यार्थी काही मिनिटं भेटवला. महिन्याभरानं पाहिलं तर ही मुलं आठवड्याला दुपटीहून जास्त वेळ फोनवर घालवत होती आणि देणग्याही दुपटीहून जास्त आणत होती. मला यातली दुसरीच गोष्ट जास्त बोलकी वाटते: काही मुलांना त्या विद्यार्थ्याचं आभाराचं पत्र फक्त वाचायला दिलं होतं, भेट नाही. त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. तुमच्या भिंतीवरचे फलक म्हणजे ते पत्र.

तेव्हा त्या मुलाला समोर बसवू नका. मशीनपाशी उभं करा.

एक दिवस त्याच्या जागी दुसऱ्याला बसवा आणि सकाळची उपाशीपोटीची सॅम्पल्स येऊन थडकतात त्या वेळी, अकरा ते एकच्या दरम्यान, त्याला बायोकेमिस्ट्रीच्या अ‍ॅनालायझरशेजारी नुसतं उभं राहू द्या. रॅक आत सरकतो, लाल किरण एकेका नळीवरून फिरतो, आणि मधेच एक नळी वाचलीच जात नाही. स्टिकर तिरका लागलेला असतो, नाहीतर त्याला सुरकुती असते, नाहीतर छपाई फिकट. टेक्निशियन नळी बाहेर काढते, अंगठ्यानं स्टिकर सपाट करते, पुन्हा घालते. तरी नाही. मग स्टिकर डोळ्यांशी धरून नंबर हातानं टाइप करते. मागे फोन वाजत असतो, कुणीतरी 'तो अर्जंट झाला का' म्हणून ओरडत असतं. त्यात एक आकडा इकडचा तिकडे झाला तर एकाचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीचा आकडा) दुसऱ्याच्या रिपोर्टवर चढू शकतं. सहसा पुढे कुठेतरी पकडलं जातं. सहसा.

हे सगळं तो बघत असताना तुम्ही काही बोलू नका. हात शिवशिवतील तुमचे, पण नका.

मग त्याला बाद नळ्यांचा रॅक दाखवा, आणि हे मात्र टेक्निशियनच्या तोंडून ऐकू द्या. जांभळ्या बुचाच्या नळीत गुठळी का झाली: रक्त घेतल्यावर नळी हलक्या हातानं उलटसुलट केलीच नाही, आता ब्लड काउंट होणार नाही. या नळीतलं सीरम गुलाबी का दिसतंय: तांबड्या पेशी फुटल्या, त्यांच्या आतलं पोटॅशियम बाहेर सांडलं, आता आकडा खोटाच जास्त येणार आणि डॉक्टर हृदयाची काळजी करत बसणार. करड्या बुचाची नळी वेगळी कशाला लागते: साध्या नळीत रक्त तसंच पडून राहिलं तर पेशी साखर खात राहतात आणि उरणहून निघालेली शुगर इथं पोचेपर्यंत कमी झालेली असते. या क्षेत्रातली माणसं एक गोष्ट फार पूर्वीपासून सांगत आलीत: लॅबच्या चुकांचा मोठा वाटा नळी मशीनमध्ये जाण्याच्या आधीच घडून गेलेला असतो. घेणं, मिसळणं, नाव, चिठ्ठी, प्रवास. म्हणजे तुमचेच लोक, आणि बॅग पाठीला लावून शीळफाट्याच्या कोंडीतून येणारी ती मुलं.

आता बाद झालेल्या नळीचं पुढे काय होतं? कुणीतरी कळव्याच्या एका घरी फोन करतं: "पुन्हा सॅम्पल द्यावं लागेल." तिथं ऐंशीच्या आजी आहेत, शिर सापडत नाही, पहिल्या वेळचं काळंनिळं अजून उतरलेलं नाही. मुलगा अर्ध्या दिवसाची रजा टाकून थांबतो. मनात म्हणतो, पुढच्या वेळी दुसऱ्या लॅबला सांगू. फॅमिली डॉक्टरांकडेही बोलून दाखवतो. डॉक्टर पुढचे चार पेशंट दुसरीकडे पाठवतात. राज्यात पहिली, तिसरी, सातवी हे सगळं असं घडतं. स्टिकर आणि 'मोठी कंपनी' यांच्या मध्ये कळव्याच्या आजींचा हात आहे, आणि तो एकदा दिसला की फलक वाचून दाखवायची गरज पडत नाही.

उलटा प्रवासही करवा. टेक्निशियनला एकदा तुमच्या काउंटरवर उभं करा, सगळ्या बॅगा एकदम येऊन पडतात तेव्हा. बाद नळ्यांवरून खालच्यांना नावं ठेवायची सवय थोडी कमी होते.

हे एका दिवसाचं झालं, आणि एका दिवसाचा परिणाम गणपतीच्या आरत्यांसारखा असतो, विसर्जनापर्यंत. रोजच्यासाठी मी तुम्हाला मोठं काही सांगणार नाही. सोमवारी शिफ्ट सुरू होताना दहा मिनिटं, उभ्या उभ्या. गेल्या आठवड्यात आपल्या हातून गेलेल्या दोन नळ्यांची खबर: एक चांगली, एक वाईट. पेशंटचं नाव, गाव, काही नाही. 'शुक्रवारी रात्री आपल्याकडच्या एकानं पाहिलं की बॅगेतल्या दोन नळ्यांवर एकच नाव आहे आणि वयं वेगळी. त्यानं फोन करून विचारलं, नळ्या अदलाबदल झाल्या होत्या.' एवढंच. टाळ्या वाजवून घेऊ नका, टाळ्यांनी माणसं संकोचतात आणि पुढच्या वेळी सांगत नाहीत.

आणि आकडा हवाच असेल तर एकच ठेवा, तुमच्या माणसांच्या हातातला: आपल्यामुळे गेल्या आठवड्यात किती जणांना पुन्हा सुई टोचावी लागली. पांढऱ्या फळ्यावर मार्करनं लिहा. पण एक सांगून ठेवते. त्या आकड्याला नाव चिकटवलंत, कुणाचा हप्ता कापलात, 'या आठवड्याचा गुन्हेगार' असलं काही केलंत, तर तिसऱ्या आठवड्यात आकडा शून्यावर येईल आणि नळ्या पूर्वीइतक्याच खराब असतील. फक्त वहीत दिसणार नाहीत. मी हे वागळे इस्टेटमध्ये पाहिलंय आणि नंतर काचेच्या इमारतींतही पाहिलंय.

ट्रेनिंगमध्ये तुम्ही दगड फोडणाऱ्या तिघांची गोष्ट ऐकलीच असेल. काय करतोस विचारल्यावर पहिला म्हणतो पोट भरतोय, दुसरा म्हणतो सगळ्या मुलखात माझ्यासारखा दगड घडवणारा नाही, तिसरा आकाशाकडे बघून म्हणतो मंदिर बांधतोय. आपल्याकडे ही गोष्ट तिसऱ्याच्या कौतुकापाशी संपवतात. पीटर ड्रकर या व्यवस्थापनतज्ज्ञानं १९५४ मध्ये ती वापरली (त्यांच्याकडे मंदिराच्या जागी कॅथीड्रल होतं), तेव्हा त्यांचं बोट दुसऱ्याकडे होतं. पहिल्याची त्यांना चिंता नव्हती: त्याला काय हवं ते त्याला ठाऊक आहे, चोख मजुरीला तो चोख काम देईल. घोळ दुसरा करतो, कारण तो आपल्याच कारागिरीवर खूश असतो आणि ती कशासाठी चाललीय हे विसरतो.

तुमच्या लॅबमध्ये हा दुसरा कोण? तो स्टिकरवाला मुलगा नाही. रोज वर जाणारा तक्ता आहे, तासाला किती नळ्या. आमच्या प्रॉडक्शनवाल्यांनी दादांना फाइलवरून हटकलं तेही याच तक्त्यापायी. दुपारी सव्वाबाराला काउंटरवर नऊ बॅगा पडल्यात, हातातला स्टिकर फिकट आलाय. पुन्हा छापावा तर दीड मिनिट जातं आणि तक्ता घसरतो. तसाच लावावा तर वर मशीन थांबतं. मुलानं काय करावं? भिंत म्हणते अचूकता आधी. तक्ता म्हणतो वेग आधी. मुलगा तक्त्यावर विश्वास ठेवतो, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. भिंतीनं कधी कुणाचा पगार कापलेला नाही.

म्हणून समुपदेशनाच्या आधी तुम्ही वरच्यांकडे जा आणि एकच प्रश्न विचारा: हे दोन्ही आमनेसामने आले तर जिंकणार कोण? उत्तर स्पष्ट घ्या, जमलं तर मेलवर. 'दोन्ही महत्त्वाचे' असं उत्तर आलं तर परत जा. नोकरदार माणसाला कंपनीची उद्दिष्टं कळणं म्हणजे दुसरं काय? अडचणीच्या वेळी काय सोडायचं आणि काय धरायचं, हे साहेबाला न विचारता ठरवता येणं. ते ठरवायला लागणारी माहिती तुमच्या विभागात आज कुणाकडेच नाही, तुमच्याकडेही नाही. तुमचा फॉर्म कोरा राहिला तो त्यामुळे असावा असं मला वाटतं. तुम्ही कमी पडताय असं मला दिसत नाही.

आता तिसरी ओळ.

इथं माझं मत थोडं कडक आहे. पगाराचं बोलणं आलं की कामाच्या थोरवीचं बोलणं काढायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. दवाखाने, शाळा, लॅब यांत तर फारच: 'सेवा आहे ही.' सेवा म्हणणाऱ्याचा पगार मात्र वेळेवर झालेला असतो. त्या मुलाला मशीनपाशी नेऊन आणलंत, आजींची गोष्ट त्याला भिडली, आणि त्यावर तुम्ही म्हणालात, "बघ, किती मोठं काम करतोस, पगाराचं काय घेऊन बसलास," तर केलेलं सगळं पाण्यात. ही दोन बोलणी वेगळ्या दिवशी करा. पगाराचं बोलताना खरं तेच बोला: "हे माझ्या हातात नाही. मी लेखी पाठवलंय. पंधरा तारखेपर्यंत होय किंवा नाही, जे असेल ते तुला मीच सांगेन." आणि खरंच लेखी पाठवा. नाही आलं तर नाही म्हणून सांगा. नकार माणसं पचवतात. टोलवाटोलवी पचवत नाहीत.

शिवाय, चार वर्षांनी तो कुठे असेल हे त्यालाही दिसू द्या. बारावी सायन्स झालाय का ते विचारा. झाला असेल तर डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून तो याच इमारतीत मशीनच्या पलीकडे उभा राहू शकतो. तुमच्या लॅबमध्ये काउंटरवरून टेक्निशियन झालेलं कुणी आहे का, शोधा. नसेल तर तेही एचआरला कळवण्यासारखं आहे. कंपनी मोठी होताना आपण जिथल्या तिथे, हे त्याचं खरं म्हणणं आहे, आणि ते पगारापुरतं नसावं असा माझा अंदाज.

हे सगळं करूनही तो म्हणेल, "ठीक आहे मॅडम, पण मला महिन्याच्या पगाराशी मतलब." म्हणू द्या. पहिला दगडफोड्या तोच. स्टिकर सरळ लावतो, दांडी मारत नाही, संध्याकाळी घरी जातो. कंपनीवर प्रेम करण्याचं कलम कुणाच्याच नेमणूकपत्रात नसतं.

असल्या पत्रांत तुम्ही एकट्या नाही म्हणून थोडं इतरांसाठी. न्हावा-शेवा बंदरात जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या एका कचेरीतल्या मुलीनं मागे लिहिलं होतं: दिवसभर कंटेनरचे नंबर टाइप करते, चार अक्षरं आणि सात आकडे, डोकं बधिर होतं. तिला मी विचारलं, कंटेनर कधी जवळून पाहिलायस? नव्हता पाहिला. तिच्या साहेबांनी एका दुपारी तिला सोबत नेलं, बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरची रांग दाखवली आणि एका ड्रायव्हरशी बोलू दिलं. एक आकडा चुकला की गेटवर ट्रेलर अडतो, मुदत टळली तर माल पुढच्या जहाजावर, आणि ड्रायव्हर रात्रभर केबिनमध्ये, हे तिला त्यानंच सांगितलं. ती अजून तेच काम करते आणि अजून कंटाळते. पण आता शेवटचा आकडा दोनदा बघते म्हणे. ज्यांचं काम गिऱ्हाइकापासून फार लांब असतं, हिशेब, स्टोअर, नोंदणी, त्यांनी गिऱ्हाईक शोधत बसू नये. माझं काम माझ्यानंतर कोण हातात घेतं आणि मी चुकलो की त्याचा दिवस कसा जातो, एवढं पाहून यावं. सहसा ते दोन टेबलं पलीकडेच असतं.

एचआरला काय कळवायचं? 'समुपदेशन केले, कर्मचाऱ्यास चूक उमगली' असं तर मुळीच नको. लिहा की फॉर्म आहे तसा ठेवावा, त्यातली एकही ओळ चुकीची नाही. पहिल्या दोन ओळींवर विभागात काम सुरू केलं आहे, तिसरीचं उत्तर आपल्याकडून अपेक्षित आहे. थोडं धाडस लागेल. पण नव्या व्यवस्थापनाला माणसांचं खरंच ऐकायचंय की फाइल भरायचीय, हे तुम्हालाही त्यातून कळेल, आणि ते तुमच्याही कामाचं आहे.

एक गोष्ट तुमच्या पत्रात जाता जाता येऊन गेली आणि मी तिच्यापाशी पुन्हा पुन्हा जातेय. प्रिंटर. स्टिकर फिकट येतो, फिकट स्टिकर मशीन वाचत नाही, मग वर काम अडतं, हे तो मुलगा तीन महिने तुम्हाला सांगतोय. तुम्ही त्याला कुरकूर म्हणालात. त्याचं काम कंपनीच्या कामाशी कुठे जोडलेलं आहे हे त्याला कळत नसतं, तर फिकट छपाईचं त्याला काय पडलं होतं? फॉर्मचं उत्तर तो केव्हाचा तोंडी देत होता, तेही विचारायच्या आधी.

तेव्हा मशीनपाशी नेणं, सोमवारची दहा मिनिटं, एचआरचं पत्र, सगळं त्यानंतर. आधी प्रिंटरवाल्याला फोन करा. रिबन संपत आलीय की हेड घाण झालंय ते तो बघेल. आणि तो येईल तेव्हा त्या मुलालाच त्याच्याजवळ उभं करा, कुठल्या बाजूनं फिकट यायला लागतं ते त्याला पाठ असेल.